सोनेगाव विमानतळावर दिव्या देशमुख दिसली, पण मी मुलीला हाक मारू दिली नाही. चुकलं का?

रमा_त्रिमूर्तीनगर

बरेच दिवस मनात घोळत असलेली गोष्ट विचारते आहे.

जुलै २०२५ चा शेवट होता. माझी मोठी जाऊ बंगलोरहून येणार होती. तिला घ्यायला मी आणि माझी मुलगी, वय ९, सोनेगावला गेलो. पार्किंगमध्येच गाड्यांची रांग. पुढे आलो तर दारासमोर हार घेतलेली माणसं, कॅमेरेवाले आणि बुद्धिबळाच्या क्लासची कितीतरी पोरं. दिव्या देशमुख बाटुमीहून महिला विश्वचषक जिंकून घरी येते आहे हे ठाऊक होतं. ती नेमकी त्याच वेळी उतरणार याची आम्हाला कल्पना नव्हती.

माझी मुलगी दोन वर्षांपासून बुद्धिबळ शिकते. कोनेरू हम्पीबरोबरची अंतिम लढत तिनं माझ्या फोनवर पूर्ण बघितली. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांतला पहिला पण बरोबरीत, आणि दुसऱ्यात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. २८ जुलै होता. एकोणीस वर्षांची पोरगी, आपल्या नागपूरची, त्या एका विजयानं ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर ती आईला बिलगून रडली तेव्हा आमच्या घरात पण कोणी बोलत नव्हतं.

तर त्या दिवशी ती बाहेर आली आणि गर्दीच्या रेट्यानं आमच्यापासून दोन हातांवर आली. मुलीनं तोंड उघडलं, "दिव्याता" इतकंच निघालं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागे ओढलं. मला वाटलं, जवळपास महिनाभर ही पोरगी पटासमोर बसून आली आहे, एवढा प्रवास झाला आहे, चारी बाजूंनी लोक नाव घेऊन ओरडताहेत. आपण तरी त्यात भर घालू नये. ती पुढे गेली. मागून जाऊबाई आल्या, आम्ही घरी आलो.

रात्री जेवताना मुलगी म्हणाली, "मला सेल्फी नको होती आई. मला एकच विचारायचं होतं. शेवटच्या डावात तू हम्पीचं घड्याळ बघत होतीस की पट?"

ती रडली नाही, भांडली पण नाही. पण त्यानंतर दोनदा तिनं हा विषय काढला आहे. गावात मोठं माणूस असं अचानक समोर आलं तर तुम्ही काय करता? बोलता की त्याला जाऊ देता? ज्यांच्यावर असा प्रसंग आला आहे त्यांनी सांगावं.

---

महालातली_शुभा

तुम्ही बरोबरच केलं रमा.

मी मॉरिस कॉलेजला होते तेव्हा कवी ग्रेस तिथे मराठी शिकवत. माझा विषय अर्थशास्त्र, त्यामुळे त्यांच्या वर्गात बसायचा हक्क नव्हता. व्हरांड्यातून जाताना किती वेळा समोरून आले. त्यांच्या ओळी मला पाठ होत्या. एकदाही बोलले नाही. मार्च २०१२ मध्ये ते पुण्यात गेल्याची बातमी आली तेव्हा वाईट वाटलं, पण बोलले नाही याचं नाही वाटलं. त्यांनी द्यायचं ते कवितेत दिलं होतं, ते माझ्याजवळ होतं. चालत्या माणसाला थांबवून मी आणखी काय घेणार होते?

मुलीला सांगा, तिनं तो डाव बघितला, तिची भेट तिथेच झाली.

---

सोनेगावकर

रमाताई, तुमचा प्रश्न सकाळी नातवानं वाचून दाखवला. दुपारी डोळा लागेना, म्हणून लिहायला बसलो. जरा लांबेल.

तुम्ही उभ्या होत्या त्याच सोनेगावात माझं अर्धं लहानपण गेलं. माझे वडील विमानतळावरच्या उपाहारगृहात रात्रपाळीला होते. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण एके काळी या देशाची डाक रोज रात्री नागपुरात एकत्र यायची. १९४९ साली रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास अशा चार गावांहून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं इथे उतरत. थैल्या या विमानातून त्या विमानात जात आणि पहाटे जो तो आपल्या गावाकडे परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोचे, आणि त्यासाठी वेगळं हवाई तिकीट लावावं लागत नसे. नागपूर मधोमध आहे म्हणून हे जमायचं. नकाशावर पट्टी ठेवून बघा.

थैल्यांबरोबर माणसंही येत. डाकेची अदलाबदल होईपर्यंत त्यांना थांबावं लागे. चारही दिशांची माणसं, रात्री एक-दीड वाजता, एका खोलीत. मंत्री असत, वकील असत, गिरणीवाले, गवई, खेळाडू. झोप न झालेले, कोटाची बटणं उघडी, कोणी बुटाची नाडी सोडून बसलेलं. आजूबाजूला त्या वेळी नुसती शेतं होती. विमानांची घरघर थांबली की रातकिडे ऐकू यायचे.

सुट्टी असली की मी बाबांबरोबर जाई. अजनीहून सायकलच्या कॅरियरवर बसून, कानाला मफलर बांधून. माझं काम किटली घेऊन फिरायचं आणि रिकामे कप गोळा करायचे. बाबांचा नियम कडक होता: नाव विचारायचं नाही, सही मागायची नाही, टक लावून बघायचं नाही. चहा निवला असेल तर बदलून द्यायचा. बस.

हा नियम का होता ते मला पुष्कळ उशिरा कळलं. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासकडे निघालेलं डकोटा विमान इथून उडालं आणि लगेच कोसळलं. तेरा माणसं गेली. एकटा वैमानिक वाचला. त्या सगळ्यांना तासाभरापूर्वी बाबांनी चहा दिला होता. त्यांत कानपूरचे खासदार, कामगारांचे पुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. बाबांना ते पेपरात नाव आलं तेव्हा कळलं. आई सांगायची, बाबा तो पेपर घेऊन ओट्यावर बसून राहिले आणि एकेक चेहरा आठवत होते: यांतला खासदार कोणता? दोघांनी साखर जास्त मागितली होती, एकानं नुसतं गरम पाणी घेतलं होतं. तेवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर ते सगळ्यांनाच खासदार असल्यासारखं वाढायचे. आणि विमान उडालं की बाहेर जाऊन उभे राहायचे, त्याचा दिवा दिसेनासा होईपर्यंत. हे मी स्वतः कितीदा पाहिलं आहे. थंडीत, अंगात नुसता सदरा, हातात फडकं.

आता माझी गोष्ट.

१९५८ च्या डिसेंबरातली, नाताळच्या सुट्टीतली. मी चौदा वर्षांचा. मुंबईच्या विमानातून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या असतील. नऊवारी नेसलेल्या, पायात मोजे आणि चप्पल. बरोबर एक माणूस होता, तो सामानाचं बघायला गेला. बाईंच्या हातात गवसणी, म्हणजे कापडी खोळ, घातलेला तंबोरा, आणि अंगावरची शाल त्यांनी स्वतः न घेता तंबोऱ्याच्या भोपळ्याभोवती गुंडाळलेली. थंडी अशी की तोंडातून वाफ निघून राहिली होती.

मी चहा घेऊन गेलो. त्यांना कप घ्यायला हात मोकळा नव्हता. तंबोरा खुर्चीला टेकवायला त्या तयार नव्हत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धरशील?"

मी धरला. त्यांनी लगेच सांगितलं, भोपळा फरशीवर टेकवू नकोस, फरशी गार आहे. मग मी तो माझ्या पावलावर टेकवला. कॅनव्हासचे बूट होते माझे. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यायला, सावकाश, मध्ये एकदा डोळे मिटून. मराठीच बोलत होत्या, पण हेल गोव्याकडचा. एवढंच कळलं की कलकत्त्याला संगीत परिषद होती आणि दुसऱ्याच रात्री गाणं होतं.

चहा झाल्यावर त्यांनी गवसणीचं तोंड वीतभर उघडलं. आत हात घालून भोपळ्यावरून बोटं फिरवली, कुठे तडा गेला का ते बघायला. मग एक तार बोटानं छेडली. तारा उतरवलेल्या होत्या, म्हणून आवाज ढिला आला. त्यांनी मान हलवली आणि अगदी हळू, घशातल्या घशात, एक सा लावला. किती वेळ ते मला सांगता येत नाही. तंबोऱ्याची दांडी माझ्या हातात होती आणि ती माझ्या तळहाताला थरथरल्यासारखी वाटली. खोलीतलं कोणी मान वर करून बघितलं नाही. बाजूला एक गृहस्थ घोरत होते.

मग तो माणूस परत आला, कलकत्त्याच्या विमानाची हाक झाली, बाईंनी तंबोरा घेतला. माझ्या गालाला दोन बोटं लावली आणि गेल्या.

मी नाव विचारलं नाही. नियम होता. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "मोठ्या गायिका आहेत." नाव त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रमाताई, तेव्हापासून मी तो आवाज शोधतो आहे. आकाशवाणी नागपूरवर रात्री शास्त्रीय संगीत लागलं की मी पाणी पिताना सुद्धा आवाज होऊ देत नसे. नोकरी लागल्यावर सीताबर्डीच्या दुकानातून तबकड्या घेतल्या, मग कॅसेटी घेतल्या, आता नातू फोनवर लावून देतो. गोव्याकडच्या त्या पिढीतल्या बायकांनी हिंदुस्थानी गाणं कुठल्या कुठे नेलं, ते सगळं मी त्यामुळे ऐकलं. मोगूबाई ऐकल्या, केसरबाई ऐकल्या. दोन वेळा वाटलं, हाच. पण तबकडीतला तापलेला, वरच्या पट्टीत फिरणारा आवाज आणि रात्री दीड वाजता घशात धरलेला एक सा, यांची गाठ मला घालता आली नाही. अंदाजानं कोणाचं नाव घेणं मला बरोबर वाटत नाही. ज्यांचं नाव घेईन त्या नसल्या तर दोघींवर अन्याय होईल.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. बाबांचा नियम चांगला होता, पण तो कामावरच्या माणसाचा नियम होता. चहा देणाऱ्यानं थकलेल्या माणसाला आणखी थकवू नये. तुमची मुलगी कामावर नव्हती. ती त्याच खेळातली आहे, तिच्याजवळ प्रश्न होता, आणि तो प्रश्न दिव्यालाच कळेल असा होता. घड्याळ बघत होतीस की पट, हे विचारायला तो डाव शेवटपर्यंत बघावा लागतो. ढोलाच्या आवाजात एवढं विचारणारं कोणी भेटलं असतं तर त्या पोरीला ते ओझं झालं नसतं असं मला वाटतं. तिनं उत्तर दिलं असतं की नाही, ती वेगळी गोष्ट. हाक मारू द्यायला हवी होती.

शुभाताईंचं मला पटतं आणि पटत नाही. कवितेत कवी भेटतो, खरं आहे. पण त्या व्हरांड्यात तुम्हाला त्यांचं नाव ठाऊक होतं. तुमचं न बोलणं तुम्ही निवडलं होतं. मी निवडलं नव्हतं, आणि रमाताईंच्या मुलीनं पण नाही.

अजून काही बिघडलेलं नाही. नागपूर एवढं मोठं नाही आणि बुद्धिबळाचं नागपूर तर आणखी लहान. पोरगी खेळत राहिली तर कुठल्या तरी स्पर्धेत, बक्षीस द्यायला म्हणून का होईना, दिव्या समोर येईल. प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगा. खाली तारीख घाला. मी तारीख लिहून ठेवली नव्हती, आता महिना आणि वर्ष आठवतं, दिवस आठवत नाही.

---

इंदोरा_ऑटो

सोनेगावकर काका, वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा पोस्टात होते, ते पण या रात्रीच्या डाकेचं सांगायचे, आम्हाले वाटे गोष्ट सांगून राहिले.

माझं थोडकं आहे. मी चोवीस वर्षं ऑटो चालवतो. डिसेंबरात अधिवेशन आलं की आमच्या धंद्याचे दिवस. सिव्हिल लाइन्स, आमदार निवास, रविभवन, नुसत्या लाल दिव्याच्या गाड्या. तवा लाल दिवे होते. एक दिवस सकाळी आमदार निवासाच्या जवळ गाडी उभी करून पोहे खाऊन राहिलो होतो. समोरून एक म्हातारे गृहस्थ पायी येऊन राहिले. पांढरे कपडे, काखेत कागदाची फाइल. मागंपुढं कोणी नाही. पोहेवाल्यानं हातातला झारा खाली ठेवला आन् हात जोडले. मी म्हटलं कोण बे? तो म्हणे, गणपतराव देशमुख, सांगोल्याचे.

नाव मी ऐकलं होतं. शेतकरी कामगार पक्षाचे, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले, आन् एसटीनं फिरणारा आमदार म्हणून सगळ्या महाराष्ट्राले माहीत. पण पेपरातलं वेगळं आन् डोळ्यानं बघणं वेगळं. मी पण प्लेट खाली ठेवली, हात जोडले. त्यांनी थांबून हात जोडले आन् पुढं गेले. माझ्या ऑटोत बसा म्हणायचं होतं, पैसे घेणार नव्हतो. तोंडातून शब्दच नाही निघाला. विधानभवन काही लांब नाही तिथून, पायीच गेले असतील.

२०२१ मध्ये ते वारले तवा मी त्या दिवशी त्याच जागेवर गाडी नेऊन उभी केली. पोहेवाला आता तिथं नाही बसत.

ताई, पोरीले हाक मारू देत जा. आपल्या तोंडातून निघत नाही, पोरायच्या निघते. ते बंद नका करू.

---

रमा_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे आभार. शुभाताई, तुमचं उत्तर आलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. मग सोनेगावकर काकांचं वाचलं आणि फोन बाजूला ठेवून बसले.

काल रात्री मुलीला दोन्ही वाचून दाखवलं, ऑटोवाल्या भाऊंचं पण. मी तिला म्हटलं, माझं चुकलं, मी तुला न विचारता ओढलं. ती म्हणाली, "तुला वाटलं ती दमली आहे." मग वहीत प्रश्न लिहिला, तारीख घातली, आणि खाली स्वतःच आणखी दोन प्रश्न लिहिले. एक घोड्याबद्दल आहे, मला कळला नाही. तिच्या क्लासच्या सरांनी सांगितलं आहे की दिवाळीनंतर शहरात लहान मुलांची स्पर्धा आहे. तिथे कोण येणार ते ठाऊक नाही, पण वही दप्तरातच राहील असं तिनं ठरवलं आहे.

काका, तिचा तुम्हाला एक प्रश्न आहे. मी म्हटलं काकांना त्रास नको, आणि म्हणता म्हणता थांबले. तिच्याच शब्दांत लिहिते: "तंबोरा तुम्ही कोणत्या हातात धरला होता?"

---

सोनेगावकर

बाळा, डाव्या. उजव्या हातात किटली होती. ती खाली ठेवायचं मला सुचलंच नाही.

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तुझ्या प्रश्नानं आणखी एक आठवलं. किटलीची उष्णता त्या बाजूच्या मांडीला लागत होती, आणि बाईंनी ते पाहिलं. म्हणूनच त्यांनी उरलेला चहा थोडा लवकर संपवला.